तारखा सगळ्यांना दिसाव्यात, पण बिदागी, मुक्काम आणि यजमानाचा नंबर दिसू नये, यासाठी काय करावं?

विचारणारा भाऊ चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडचा ढोलकीवादक आहे. दिवाळी ते होळी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या, नाटकात साथीला बसतो, बाकीच्या दिवसांत भजन आणि लग्नाचे कार्यक्रम करतो. "अमुक तारीख रिकामी आहे का?" असे फोन दिवसभर येतात, म्हणून त्याने पुतण्याच्या लॅपटॉपवरून आपलं गुगल कॅलेंडर सगळ्यांसाठी उघडं केलं आणि लिंक व्हॉट्सॲपवर टाकली. दोन दिवसांनी एका मंडळवाल्याचा फोन आला, "का जी भाऊ, त्या गावात कमी घेता अन् आमालेच जास्त काहून सांगता?" नोंदीच्या खाली बिदागीचा आकडा लिहिलेला होता. शेजारी यजमानाचा फोन नंबरही होता. तारखा उघड्या ठेवून बाकीचं झाकता येतं का, एवढाच त्याचा प्रश्न आहे.

झाकता येतं, भाऊ. पण पुढचं वाचण्याआधी एक काम आत्ताच करा. त्याच लॅपटॉपवर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये जा आणि 'मेक अव्हेलेबल टू पब्लिक' समोरची खूण काढा. लिंक ग्रुपमधून पुसून उपयोग नाही, कारण ती कोणीतरी पुढे पाठवलेली असेलच. खूण काढली की लिंक कोणाकडेही असली तरी आतलं दिसणं थांबतं. ज्याने स्क्रीनशॉट काढून ठेवला, त्याच्याकडचा मात्र परत येणार नाही. म्हणून ज्या यजमानांचे नंबर उघडे पडले, त्यांना स्वतः फोन करा. "माझ्याकडून चूक झाली, तुमचा नंबर दोन दिवस लोकांना दिसत होता," असं सरळ सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर पुढच्या वर्षीची तारीख जाते. तुम्ही आधी सांगितलंत तर बहुतेक जण समजून घेतात. कॅलेंडर उघडं करताना मागच्या सगळ्या नोंदीही उघड्या झाल्या होत्या, त्यामुळे गेल्या हंगामातल्या लोकांनाही विसरू नका.

मी पंचवीस हंगाम ऑर्गन वाजवतोय आणि बारा वर्षांपासून आमच्या आठ-नऊ साथीदारांच्या तारखा माझ्याकडे आहेत. तुमची चूक बटण दाबण्यातली नाही. एकाच वहीकडून तुम्ही दोन कामं करून घ्यायला गेलात, तिथे ती झाली. ज्यांच्याकडे मी ऑर्गन शिकलो ते गुरुजी दोन वह्या ठेवायचे. एक सदऱ्याच्या खिशात, तिच्यात फक्त तारीख, गाव आणि वेळ. पानटपरीवर कोणी विचारलं की ते तीच काढून समोर धरत. दुसरी घरच्या पेटीत कुलपात. इसार किती आला, किती बाकी, गाडी कोणाची, जेवण कोणाकडे, हे सगळं तिच्यात. खिशातली वही हरवली तरी त्यांना काळजी नव्हती. आज तुम्हाला हेच कॅलेंडरमध्ये करायचं आहे.

तुमच्या खात्याचं जे मूळ कॅलेंडर आहे, जीमेलसोबत आपोआप आलेलं, ते पेटीतली वही समजा आणि कधीही जगासाठी उघडं करू नका. त्याचा पत्ता म्हणजेच तुमचा ईमेल, आणि रेल्वेच्या तिकिटासारख्या नोंदीही ईमेलमधून त्यातच येऊन पडू शकतात. त्याच्या बाजूला एक नवं कॅलेंडर बनवा. ते कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधूनच बनवा, सगळ्या सेटिंग तिथे नीट दिसतात. नाव साधं ठेवा, तुमचं नाव आणि 'कार्यक्रम'. नाव सगळ्यांना दिसतं, म्हणून त्यात मोबाइल नंबर घालू नका. हे नवं कॅलेंडर तेवढं पब्लिक करा आणि त्यात 'सी ऑल इव्हेंट डिटेल्स' निवडा. त्यात लपवण्यासारखं काही नसणारच आहे, म्हणून हे चालतं.

उलटं करू नका. म्हणजे नवं कॅलेंडर खासगी आणि मूळ उघडं, असं ठेवू नका. फोनवर घाईत नोंद केली की ती सहसा मूळ कॅलेंडरमध्येच जाते. गाडीत बसल्या बसल्या, एका हाताने टाइप करताना कोणतं कॅलेंडर निवडलं हे कोणी बघत नाही. चूक होणारच आहे, तर ती झाकलेल्या बाजूला पडू द्या. दोघांना रंगही वेगळे द्या. माझं उघडं कॅलेंडर हिरवं आहे आणि खासगी लाल. लाल रंगात काहीही लिहिलं तरी मला धास्ती नसते.

एकाच उघड्या कॅलेंडरमध्ये काही नोंदी 'प्रायव्हेट' करून भागतं, असं तुम्हाला कोणी सांगेल. भागतं, लोकांना तिथे फक्त 'बिझी' दिसतं. पण प्रत्येक नोंदीला ती खूण आठवणीने करावी लागते. हंगामात साठ-सत्तर नाइट, म्हणजे रात्रीचे प्रयोग, लागल्या आणि एक खूण राहून गेली की पुन्हा तोच फोन. शिवाय त्या कॅलेंडरमध्ये बदल करायचा अधिकार तुम्ही ज्याला दिलाय, त्याला प्रायव्हेट नोंदही पूर्ण वाचता येते. माझ्या मते दोन कॅलेंडर ठेवणंच बरं.

आता तुमचा खरा त्रास, "तारीख रिकामी आहे का?" या फोनांचा. हे फोन प्रेक्षकांचे नसतात. ते गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांच्या ऑफिसमधून बुकिंग बघणाऱ्यांचे, दोन-चार कंपन्यांच्या व्यवस्थापकांचे आणि तुमच्यासारख्याच वादकांचे असतात. ही पंधरा-वीस ठरलेली माणसं आहेत. यांच्यासाठी मूळ कॅलेंडर त्यांच्या जीमेलवर शेअर करा आणि 'सी ओन्ली फ्री/बिझी' निवडा. त्यांना एवढंच दिसेल की १७ तारखेची रात्र भरलेली आहे आणि १८ ची मोकळी. कोणत्या गावी, कोणासोबत, कितीत, यातलं काही नाही. व्यवस्थापकाला त्यापलीकडे काही लागतही नाही.

इथे एक खोच आहे. मला ती दोन तारखा एकमेकांवर आदळल्यावर समजली. कॅलेंडरमध्ये दिवसभराची नोंद केली, म्हणजे 'ऑल डे', की गुगल तिला आपसूक 'फ्री' धरतं. तुम्ही नाव लिहिलेलं असतं, तुम्हाला ती तारीख भरलेली दिसते, पण समोरच्याला ती मोकळीच दिसते. म्हणून नोंद करताना तिथे 'बिझी' केलं का ते बघा. दुसरी गोष्ट वेळेची. आपलं नाटक रात्री दहाला सुरू होतं आणि पहाटे संपतं. रात्री दहा ते बारा एवढंच लिहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या भजनाला तुम्ही मोकळे आहात असं दिसेल, आणि कोणीतरी बोलावेलही. मी संध्याकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा अशी नोंद करतो. जाणं, वाजवणं, परत येणं आणि थोडी झोप, सगळं त्यात बसतं. आणि तिथीचं लक्षात ठेवा. गावकरी "पंचमीले ठेवलं जी" असं सांगतात. पंचांग बघून इंग्रजी तारीख पक्की करा, ती त्यांना परत ऐकवा, मगच लिहा.

उघड्या कॅलेंडरमध्ये काय लिहायचं? माझी नोंद अशी असते: 'शनिवार, १७ जानेवारी २०२६, रात्री १०. संगीत नाटक, ऑर्गन साथ. गाव आणि तालुका. शाळेमागचं पटांगण. तिकीट मंडळाकडे.' बस. हीच तारीख लाल कॅलेंडरमध्ये लिहिलेली असते तेव्हा तिच्यात ठरलेली बिदागी, आलेला इसार, मंडळाच्या अध्यक्षांचा नंबर, गाडी कुठून निघणार, ऑक्टोपॅड कोण आणणार आणि जेवण कोणाच्या घरी, हे सगळं असतं. लाल नोंद 'कॉपी टू' करून हिरव्यात नेऊ नका. कॉपी करताना खालचं वर्णनही सोबत जातं. वरचं शीर्षक बदललं की काम झालं असं वाटतं आणि आकडा तळाशी तसाच राहतो. चार ओळी आहेत, हाताने नव्याने लिहा.

इसार आल्याशिवाय हिरव्यात काहीही लिहीत नाही, हा माझा नियम आहे. आणि इसार आला तरी नाटकाची तारीख आधी कंपनी आणि मंडळ जाहीर करतात, आपण नाही. याला कारण आहे. मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) दिवसांत एकेका गावात, नाहीतर शेजारच्या गावात, एकाच रात्री दोन-दोन नाटकं लागतात. मंडळाने तिकिटं छापायच्या आधीच तुमच्या कॅलेंडरवरून शेजारच्या गावाला तारीख कळली, तर त्यांना आपलं नाटक त्याच रात्री लावायला वेळ मिळतो. फटका मंडळाला बसतो आणि बोल साथीदाराला लागतो. म्हणून व्यवस्थापकाला विचारा, "पॉम्प्लेट निघालं का?" ते छापील पत्रक निघालं असेल तर लिहा.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढे सांगतो. बिदागी उघडी पडली तर नुकसान तुमचं आहे, ते तुम्ही सोसू शकता. पण तुमच्या वहीतली निम्म्याहून जास्त माहिती तुमची नसतेच. ती यजमानाची असते, सोबतच्या कलाकाराची असते, कधी दुःखात असलेल्या घराची असते.

तेरवीचं भजन घ्या. आपल्याकडे तेरवीला भजनी मंडळ बोलावतात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं होतात. तो कार्यक्रम आहे, तुमची तारीख गुंतलेली आहे, पण ती जाहिरात नाही. तिथे हिरव्या कॅलेंडरमध्ये एक अक्षरही लिहायचं नाही. कोणाच्या घरी कोण गेलं हे त्या घराने सांगायचं. लग्न, बारसं, घरभरणी यांचंही तसंच. लग्नघराचा पत्ता आणि 'रात्री सगळे मंगल कार्यालयात' हे एकत्र कोणी वाचलं, तर ते घर त्या रात्री रिकामं आहे हे त्याला कळलं. आमंत्रण नसलेल्या माणसाने जिथे यायचं नाही, तो कार्यक्रम उघड्या कॅलेंडरवर येत नाही. गावाचा सप्ताह, पुण्यतिथीचा कार्यक्रम, तिकिटाचं नाटक, गणपतीसमोरचं भजन हे येतं. कार्यक्रम रद्द झाला तर फक्त 'रद्द' लिहा. कोण आजारी पडलं, कोणाच्या घरी मयत झाली, हे लिहू नका.

सोबतच्या बाईमाणसाबद्दल तर फारच जपा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडून एक चूक झाली, ती अजून डाचते. एका व्यवस्थापकाने घाई केली, "डायरीचा फोटो टाका ना भाऊ," आणि मी आठवड्याचं पान फोटो काढून पाठवलं. बिदागीवर मी फोनमधल्याच मार्करने काळी रेघ ओढली होती. त्या पानावर आमच्या गायिकेचा मुक्काम कोणाच्या घरी आहे तेही लिहिलं होतं, ते माझ्या लक्षातच आलं नाही. फोटो त्याच्याकडून एका ग्रुपमध्ये गेला. कार्यक्रमाच्या रात्री ती खोलीवर गेली तेव्हा प्यायलेला एक माणूस दारात उभा होता, तिच्या नावाने हाका मारत. घरमालकीण खमकी होती म्हणून निभावलं. ती गायिका मला एवढंच म्हणाली, "भाऊ, माह्या मुक्कामाचं तुमी काहून सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मुक्काम, येण्याजाण्याची वेळ आणि सोबतच्या बाईचा नंबर मी लाल कॅलेंडरमध्येही पूर्ण लिहीत नाही. ते फोनवर बोलून ठरतं. आणि कोणाही कलाकाराचं नाव हिरव्या नोंदीत घालण्याआधी तिला किंवा त्याला विचारतो. नाव छापलं जावं असं बहुतेकांना वाटतं, पण विचारावं लागतं.

त्याच फोटोने मार्करचंही शिकवलं. फोनच्या एडिटमधला हायलायटर अर्धपारदर्शक असतो. फोटोचा उजेड वाढवला की खालचा आकडा वाचता येतो. झाकायचं असेल तर तो भाग कापूनच टाका. गुगल शीटमध्ये तारखा ठेवणाऱ्यांचंही असंच फसतं. बिदागीचा रकाना 'हाइड' केला आणि बघण्यासाठी लिंक दिली, तर समोरचा शीटची स्वतःसाठी कॉपी काढतो आणि रकाना परत उघडतो. झाकलेला रकाना म्हणजे पडदा आहे, भिंत नाही. आकडे असलेली शीट वेगळीच ठेवा.

लिंक द्यायची कुठे? व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दिली तर ग्रुपमधल्या सगळ्यांना एकमेकांचे नंबर दिसतात, तुमच्या श्रोत्यांतल्या बायकांचेही. त्यापेक्षा व्हॉट्सॲप चॅनल काढा. भारतात ते सप्टेंबर २०२३ पासून आहे. त्यात बघणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि तुमचाही दिसत नाही. बुकिंगसाठी दुसरं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस लावा, ते एकाच फोनमध्ये दोन्ही चालतं. पोस्टरवर तोच नंबर. इसारासाठी पोस्टरवर क्यूआर छापू नका. पैसे टाकायला गेलं की खातेदाराचं नाव समोर येतं, आणि बऱ्याच यूपीआय आयडीत घरचा मोबाइल नंबरच असतो. तारीख ठरली की त्या एका माणसाला क्यूआर पाठवा. बँड पार्टीवाले गुगल मॅपवर घराचीच खूण दुकान म्हणून टाकतात. तिथे पत्ता झाकून फक्त कोणत्या भागात सेवा देतो तेवढं दाखवता येतं, तसं करा.

कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये खाली एक 'सिक्रेट ॲड्रेस इन आयकॅल फॉरमॅट' नावाची लिंक असते. ती कोणालाही देऊ नका. तिच्यावरून पब्लिक न केलेलं कॅलेंडरही सगळंच्या सगळं वाचता येतं. चुकून दिली असेल तर तिथेच रिसेट करायची सोय आहे, जुनी लिंक मग बंद पडते. उघडं कॅलेंडर ज्यांनी आपल्या दुसऱ्या ॲपमध्ये जोडलंय, त्यांच्याकडे बदल कधीकधी काही तासांनी पोचतो. म्हणून ऐनवेळी रद्द झालं तर चॅनलवरही टाका आणि मंडळाला फोनही करा.

एवढं झाकाझाकीचं सांगितलं, पण घरच्यांपासून काही झाकू नका. लाल कॅलेंडर बायकोच्या किंवा भावाच्या जीमेलवर 'सी ऑल इव्हेंट डिटेल्स' करून द्या. तुम्ही सिंदेवाहीचे आहात, पहाटे मोटारसायकलवर जंगलातल्या रस्त्याने घरी येणं काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. रेंज जाते, गाडी बंद पडते, रस्त्यात वाघ बसलेला असतो. सकाळी आठपर्यंत तुम्ही पोचला नाहीत तर कोणत्या गावी, कोणाला फोन करायचा, हे घरातल्या एका माणसाला न शोधता सापडलं पाहिजे. आमच्या चमूत एका तबलजीची गाडी नागभीडच्या अलीकडे नाल्यात गेली होती. त्याच्या बायकोने कॅलेंडर उघडून मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला, त्यांनी रस्त्यावर माणसं पाठवली आणि अर्ध्या तासात तो सापडला. पाय मोडला होता, शुद्धीवर होता.

सगळं लावून झालं की स्वतःच्या फोनवर तपासू नका. तुम्ही लॉगिन असता, तुम्हाला सगळंच दिसणार. ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत लिंक उघडा, नाहीतर शेजारच्या पोराच्या फोनवर. एक जुनी नोंद दाबून बघा, एक नवी दाबून बघा, खालचं वर्णन वाचा. पुतण्याच्या लॅपटॉपवरून खात्यातून बाहेर पडलात ना, तेही बघा.

आणि "डायरीचा फोटो टाका ना" असा मेसेज पुन्हा येईलच. मी आता त्याच्या जीमेलवर फ्री/बिझीपुरतं कॅलेंडर शेअर करतो आणि लिहितो, "भाऊ, रिकाम्या तारखा यात बघा, बाकी फोनवर बोलू." आजपर्यंत या एका उत्तरावरून माझी एकही तारीख गेलेली नाही.